वडाभोवतीचा पक्का पार

पार मी बांधला आणि पक्का बांधला, हे आधी लिहून टाकतो. मागून लोक काहीही सांगतात.

मी चौथी शिकलेला. दिल्लीत सरकारी ऑफिसात दफ्तरी होतो. फायली बांधायच्या, नंबर घालायचे, साहेबांनी मागितली की न शोधता काढून द्यायची. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये सगळा संसार झाला. तिथे चार पावलांवर एक जुना वड होता, त्यामुळे वटपौर्णिमेची कधी अडचण पडली नाही. रिटायर होऊन दिल्लीतच इथे फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पहिल्याच वर्षी बायको म्हणाली, "अहो, इथे वडच नाही. बाकीच्या जणी फूलवाल्याकडून फांदी आणतात आणि कुंडीत खोचतात."

"झाडाचा हात तोडायचा आणि त्याच्याचकडे आयुष्य मागायचं? माझ्या घरात हे चालणार नाही."

"मग पूजा सोडू?"

"झाड लावतो मी."

"म्हणजे या जन्मी नाहीच," ती म्हणाली. "उरलेल्या सहांत बघू."

जुन्या क्वार्टरच्या गच्चीवर, पाण्याच्या पाईपाशी भिंतीच्या भेगेत वडाचं एक रोप उगवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बस पकडून गेलो, तिथल्या नव्या माणसांना सांगून ते मुळासकट काढलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि घरासमोरच्या सरकारी पार्कात लावलं. कुणाची परवानगी घेतली नाही. उन्हाळ्यात सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. वड लागला. पाचव्या वर्षी बायकोने त्याला पहिला दोरा गुंडाळला, तेव्हा खोड तिच्या मनगटाएवढं होतं.

तेव्हापासून ते पार्क मी माझंच समजलो. कुणी घर पाडून मलबा आणून टाकला, की मी उद्यान विभागाला अर्ज लिहायचो. लग्नाचा तंबू ठोकायला कुणी झाडाला खिळे मारले, की अर्ज. मोटर बंद पडली, की अर्ज. माझं हिंदी कच्चं, अक्षर मात्र दफ्तरीचं, टपोरं. चौथ्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात, बँकेतून रिटायर झालेले. ते मला चिडवायचे, "काय दफ्तरी, आज सरकारला काय हुकूम?" मी म्हणायचो, "तुम्ही पेपर वाचा. काम करणारे करतील."

वड डोक्याच्या वर गेला, तेव्हा मी पार बांधायला काढला. वड आहे आणि पार नाही, हे आपल्याकडे कुठे असतं? बायको म्हणाली, "दगडमातीचाच करा ना हो. आमच्या गावचा तसाच आहे, अजून उभा आहे."

"मातीच्या पारावर इथले लोक बसत नाहीत, थुंकतात. दिल्लीत पक्कंच लागतं."

एक मिस्त्री धरला आणि बाकी सगळं मी स्वतः केलं. आत मलबा भरला, वर सिमेंट, त्यावर फरशी. फरशी खोडाला अगदी चिकटवून घेतली. मुंग्या नकोत म्हणून एक बोटाचीही फट ठेवली नाही. बायकोच्या सांगण्यावरून एका अंगाला दिव्यापुरता कोनाडा ठेवला. तिचं मी तेवढंच ऐकलं. पुढे पारंब्या सुटल्या. खाली येऊन त्या फरशी उचकटतील म्हणून मी दरवर्षी कात्रीने छाटत राहिलो. पार आरशासारखा ठेवला होता.

बायको गेली त्या वर्षापासून मी रोज संध्याकाळी कोनाड्यात दिवा लावतो. लावायचो.

ती गेल्याला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा उद्यान विभागाची माणसं घण आणि सब्बल, म्हणजे आपली पहार, घेऊन पार्कात आली. झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट हातहातभर फोडून तिथे माती मोकळी करायची, असा हुकूम निघाला होता. बरोबर एक तरुण बाई होत्या, अधिकारी. त्यांनी कडुनिंबाची चौकट फोडून घेतली, बहाव्याची फोडून घेतली आणि वडाशी आल्या. मी पारावर बसून राहिलो.

"बाबूजी, उतर जाइए. पेड़ का दम घुट रहा है."

"मैंने लगाया है. मुझे मालूम है इसका दम."

त्या चिडल्या नाहीत. खाली बसल्या आणि खोडावर हात फिरवून मला दाखवू लागल्या. फरशीची कड सालीत रुतली होती. लहानपणी घातलेली अंगठी मोठेपणी बोटात रुतते तशी. मी बघितलं. आज सांगतो, मी ते नीट बघितलं होतं. पण भोवती माणसं जमली होती, बँकवाले गॅलरीतून बघत होते, आणि घणवाला पोरगा नेमका दिव्याच्या कोनाड्यावर पाय ठेवून उभा होता.

"पाय काढ!" मी मराठीतच ओरडलो. "इतकी वर्षं मेला होतात का तुम्ही? मलबा टाकत होते तेव्हा कुठे होतात? आता माझा पार दिसला?"

बाईंना शब्द कळले नसतील, सूर कळला. त्या हळूच म्हणाल्या, "आपकी सारी चिट्ठियाँ पढ़ी हैं मैंने. इसीलिए सबसे पहले इसी पार्क में आई हूँ."

इतक्या वर्षांत माझा अर्ज कुणीतरी वाचला आहे, हे मला प्रथमच कळत होतं. तिथे उतरायला हवं होतं. मी पाय वर घेतले आणि मांडी घातली.

त्यांनी दोनदा आणखी सांगून पाहिलं. मग कागद पुढे केला आणि म्हणाल्या, लिहून द्या. मी लिहिलं, टपोऱ्या अक्षरात: यह पार न तोड़ा जाए. जिम्मेदारी मेरी. खाली झोकदार सही ठोकली. माणसं निघून गेली, तेव्हा वरून बँकवाले ओरडले, "जिंकलात बुवा!" मी त्या दिवशी शेव आणून वाटली.

पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या केलेल्या कडुनिंबाला नवी पालवी फुटली. वडाची पानं लहान लहान येऊ लागली. मी पाणी वाढवलं. ते फरशीवरून वाहून जायचं. पलीकडच्या वर्षी शेंडा वाळला, मग एक बाजू, मग सालीला भोकं पडून पिवळा भुसा गळायला लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, पार फोडून टाकू या." मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी कुणाला न सांगता सब्बल घेऊन स्वतः गेलो. सकाळभर घाव घातले, तेव्हा दोन फरश्या निघाल्या. माझं काम पक्कंच होतं. फरशीखाली मुळं खाली न जाता खोडाभोवतीच गोल गोल फिरली होती आणि हाताला काळी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. तिथेच बसलो. मुलगा येऊन घरी घेऊन गेला.

या मे महिन्यात आंधी आली आणि मोठी फांदी झोपाळ्यावर पडली. नशिबाने पोरं नव्हती. विभागाकडून नवा माणूस आला. बाईंची बदली झालेली. त्याने फाईल उघडली आणि झाड धोकादायक आहे, कापावं लागेल, असं सांगितलं. फाईलमध्ये वरच माझा कागद होता, बरोबर लावलेला, नंबर घातलेला. "अक्षर आपका ही है ना, बाबूजी?" त्याने सहज विचारलं.

"माझंच."

दोन दिवस करवत चालली, कुजका बुंधाही आतून कोरून काढला. लाकूड ट्रकमध्ये घालून नेलं. पार राहिला आहे. मी काढलेल्या दोन फरश्या सोडल्या तर त्याला काही झालेलं नाही. मधे खोडाच्या आकाराचा खड्डा आहे आणि त्यात लोक चिप्सची पाकिटं टाकतात. अर्ज लिहायला मी कागद घेतला होता. कुणाविरुद्ध लिहू?

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सून दारात घुटमळत होती. माझ्यासमोर हा विषय काढायची तिला भीती.

"बाबा," ती म्हणाली, "बाजारात चाललेय. फूलवाल्याकडून एक... आणू का?"

आत कुंडी आधीच धुऊन ठेवलेली मला दिसली.

"आण," म्हटलं.