‘मी नर्स आहे’ याचं मराठी

माझी भाची तनू डेंटल नर्स आहे. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यांत आधी लिहिते, कारण तिच्या आईच्या तोंडून ते आजवर निघालेलं नाही. तिची आई म्हणजे माझी भावजय नीना. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आल्यापासून तिने इथलं सगळं पचवलं, अगदी बेक्ड बीन्ससुद्धा. पण लेकीच्या नावाआधी ‘डॉ.’ लागणार नाही, हे काही तिला पचलं नाही.

तनू इथेच जन्मली, इथेच शिकली. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, केमिस्ट्रीने तिला लोळवलं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. माझा भाऊ राजीव अशा वेळी गॅरेजमध्ये जाऊन बसतो, तसा बसला. पोरगी मात्र रडून मोकळी झाली आणि एका दातांच्या दवाखान्यात ट्रेनी म्हणून कामाला लागली. नीनाने महाराष्ट्र मंडळात सांगितलं, “तनू डेंटिस्ट्रीत गेली.” यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले. दिवाळीपर्यंत ती “डेंटिस्ट्री करते” झाली आणि संक्रांतीला तिळगूळ देताना “आमची डेंटिस्ट”.

नीनाच्या डोक्यात नर्स म्हणजे तिच्या माहेरच्या गावातल्या दवाखान्यातली, सकाळी फरशी पुसून दुपारी डॉक्टरांच्या हातात चिमटा देणारी बाई. त्या बाईचं नाव काय होतं, ते नीनाला आजही सांगता येणार नाही. इथे डेंटिस्टच्या सहाय्यकाला डेंटल नर्स म्हणतात आणि ते नाव असं रस्त्यावर पडलेलं नसतं. आधी नोकरी मिळवायची, मग मान्यता असलेला कोर्स करायचा. हेपटायटिसची इंजेक्शनं, गुन्ह्यांची नोंद नाही याची तपासणी, परीक्षा. एवढं करून डेंटल कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव चढलं, तरच स्वतःला डेंटल नर्स म्हणवून घ्यायचं. आणि नर्सने स्वतःला डेंटिस्ट म्हणवलं किंवा कुणाच्या तोंडात डोकावून निदान केलं, तर तो सरळसरळ गुन्हा.

हे सगळं मला माहीत, कारण तनू अभ्यासाला माझ्याकडे यायची. तिच्या घरी पुस्तक उघडं ठेवायची चोरी. मंडळातलं कुणी आलं की नीना ते सोफ्याच्या उशीखाली सारायची, कारण वर ‘नर्स’ असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. लोकांच्या पोरी उशीखाली काय काय लपवतात आणि आमची पोरगी अभ्यासाचं पुस्तक लपवत होती.

परीक्षा पास झाली. रजिस्टरसाठीचा अर्ज गेला. नाव लागलं की पगारही वाढणार होता आणि दवाखान्यात कायमची जागाही मिळणार होती. फक्त उत्तराची वाट बघायची होती, आणि तेवढ्यात गणपती आले.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नीनाने परस्पर जाहीर केलं की उत्सवात ज्येष्ठांसाठी मोफत दंततपासणी होईल, तपासणार डॉ. तनू. मी त्या ग्रुपवरचं काही वाचत नाही. तनू त्या ग्रुपमध्येच नाही, तरुण मुलांना तेवढी अक्कल असते. ती बिचारी मोदक खायला म्हणून शाळेच्या हॉलमध्ये आली, तर कोपऱ्यात टेबल मांडलेलं. टेबलावर नीनाच्या घरचा टेबल लॅम्प, किचन रोल आणि जिभा दाबायला स्टीलचे चमचे. समोर काका-काकूंची रांग. एनएचएसचा, म्हणजे सरकारी डेंटिस्ट मिळत नाही म्हणून निम्मं गाव गाल धरून बसलंय. त्यात फुकट म्हटल्यावर आमचं मंडळ मागे राहतंय होय? रांगेत पहिले अध्यक्ष सतीशराव. तनू दिसताच त्यांनी खुर्चीत बसून आ वासला.

पोरगी पांढरीफटक पडली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “आत्या, मी यांना चेक केला आणि कोणी कंप्लेंट केला तर माझा रजिस्ट्रेशन गेला. लिटरली फिनिश.”

नीना मागे आलीच. “अगं, नुसतं बघ. हात नको लावूस. मोठी माणसं ताटकळलीत.”

“आई, बघून सांगणं पण इल्लीगल आहे.”

“इथे कोण पोलीस बसलेत?” असं म्हणून नीनाने तिला दंडाला धरून टेबलाशी नेलं. तिला वाटलं, चारचौघांत पोरगी नाही म्हणणार नाही. एकोणीस-वीस वर्षं सांभाळून आईला आपली मुलगी एवढीच कळली होती.

तनू सतीशरावांसमोर उभी राहिली. “काका, सॉरी. तोंड बंद करा. मी डेंटिस्ट नाही आहे. मी डेंटल नर्स झाला आहे. रजिस्टर पण अजून नाही झाला.”

रांगेतल्या माना नीनाकडे वळल्या. मग नीना हसली. इतकं मोकळं हसली की मी बघतच राहिले.

“मराठी कच्चं आहे हो तिचं,” ती म्हणाली. “नर्स आली का, असं विचारायचंय तिला. हाताखाली नर्स लागते ना, तशी सवय असते त्यांना.”

“असू दे, असू दे,” सतीशराव प्रेमाने म्हणाले. “आमच्या नातवाचं, वीरचंही मराठी असंच. आम्हाला नर्सशिवाय चालेल, बेटा.” आणि परत आ.

तनूने ओठ चावला आणि इंग्रजीत सुरुवात केली, “अंकल, लिसन, आय अॅम नॉट—”

“मराठीत, बेटा, मराठीत,” सतीशरावांनी बोट वर केलं. हॉलमध्ये मुलांनी मराठीच बोलायचं असा मंडळाचा नियम आहे, आणि तो त्यांनीच केलाय. पोरगी खरं बोलली तर तिचं व्याकरण चुकतं, आणि व्याकरणाची भानगड नसलेल्या भाषेत बोलायला बंदी. ही आमची संस्कृती.

तनू माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता. “आत्या, तू सांग. बरोबर मराठीत.”

मी खुशीने सांगितलं. “सतीशराव, माझी भाची डेंटल नर्स होणार आहे. परीक्षा पास झाली आहे. ती डेंटिस्ट नाही, कधी नव्हती आणि तिला व्हायचंही नाही. ती तुमचं तोंड तपासणार नाही, कारण तो गुन्हा आहे. मिटा आता.”

त्यांनी मिटलं. रांग बघता बघता मसालेभाताकडे सरकली. पास झाल्याबद्दल एकानेही पोरीचं अभिनंदन केलं नाही. एक काकू तेवढ्या थांबल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “नर्स म्हणजेसुद्धा चांगलंच असतं हो.” घरात कुणी गेल्यावर बोलतात, तो सूर होता. मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि तनूचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

कार पार्कमध्ये नीनाने मला गाठलं. “ताई, काय मिळवलंत? पोटची असती तर असं केलं नसतंत.”

“पोटची असती तर तिचं पुस्तक उशीखाली घातलं नसतं,” मी म्हटलं. राजीव गाडीची काच पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

तेव्हापासून नीना माझ्याशी बोलत नाही. माझ्या संध्याकाळी त्यामुळे बऱ्या जातात.

पुढे तनूचं रजिस्ट्रेशन झालं. दवाखान्यातल्या लोकांनी केक आणला. नीनाने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘तनूचं नाव कौन्सिलला लागलं.’ पुन्हा, खोटं काही नाही. डेंटल कौन्सिल म्हणायचं फक्त राहून गेलं. आठवडाभरात गावभर झालं की राजीवची मुलगी सिटी कौन्सिलवर गेली, आणि सतीशरावांनी तिला फोन करून सांगितलं की त्यांच्या गल्लीतले कचऱ्याचे डबे उचललेच जात नाहीत, जरा लक्ष घाल. कुणीतरी नीनाला विचारलं, तर ती नुसती हसली म्हणे. मुलगी डॉक्टर नाही तर नगरसेविका चालेल. नर्स सोडून काहीही चालेल.

डब्यांची ही गोष्ट तनूनेच मला सांगितली, शनिवारी, कामावरून परस्पर माझ्याकडे आली तेव्हा, अंगात दवाखान्याचा निळा युनिफॉर्म. मी पोट धरून हसले. ती हसली नाही. चहाचा कप हातात घेऊन बसून राहिली आणि मग म्हणाली, “आत्या, आईला माझा लाज वाटतो?”

“‘माझी लाज वाटते’ म्हणायचं, बाळा,” मी म्हटलं. बाकी वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.