क्योटोत टिश्यू ठेवून जागा धरताना

खोटं कशाला बोलू, आम्ही जपानला गेलो ते देवळं बघायला नाही. माझा नवरा मिलिंद जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. सहा-सहा महिने समुद्रावर, मग सिंगापुरात सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखा. तेरा वर्षांची इरा त्याच्याशी ‘ओके’ आणि ‘कॅन’ (म्हणजे इथलं ‘चालेल’) एवढ्या दोनच शब्दांत बोलते. तो पुन्हा बोटीवर जायच्या आत या बापलेकींची नीट ओळख व्हावी, एवढीच माझी इच्छा. म्हणून ऑफिसातून आठवड्याची रजा घेतली आणि ओसाकाची तिकिटं काढली.

विमानाला साडेसहा तास लागतात. उतरल्या उतरल्या रेल्वेचं कार्ड घ्या. आपल्या एमआरटी मेट्रोसारखंच टॅप करायचं, बसलाही चालतं. पहिल्या दिवशी नारा. तिथली हरणं बिस्किटासाठी चक्क मान लववतात, पण बिस्किटं संपली की शिष्टाचारही संपतो. एका हरणाने मिलिंदच्या हातातला नकाशा खाल्ला. मी पोट धरून हसले. इराने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि कानात इअरफोन घातले. बाप बिचारा उरलेला अर्धा नकाशा घेऊन उभा. परतीच्या गाडीत मला अगदी रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी क्योटोतलं फुशिमी इनारी, हजारो केशरी कमानींच्या डोंगरवाटेचं देऊळ. तिकीट नाही, पण सकाळी सातच्या आत पोचा, नाहीतर त्या केशरी कमानींऐवजी लोकांच्या पाठी बघाल. वरपर्यंत चढायला दोन-तीन तास लागतात. आम्ही अर्ध्यावरून परत फिरलो. जरा इकडेतिकडे भटकून, भुकेने कासावीस होऊन, गल्लीतल्या उडोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, एका छोट्याशा दुकानात शिरलो. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. इराने सवयीने त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, याला ‘चोप’ करणं म्हणतात. पाकीट दिसलं की त्या टेबलाला कुणी हात लावत नाही. मग आम्ही निवांत बाहेर आलो, दाराजवळच्या काचेच्या कपाटातले पदार्थांचे नमुने बघत काय खायचं यावर वाद घालत बसलो.

तेवढ्यात दुकानाच्या मालकीणबाई धावत बाहेर आल्या. दोन्ही हातांत ते पाकीट धरून, कमरेत वाकून, त्यांनी ते इराला परत दिलं. आम्ही विसरून चाललोय असं त्यांना वाटलं होतं! खिडकीजवळच्या टेबलावर दुसरी माणसं बसलेली.

इरा लालबुंद. अशा वेळी तिचं ‘लाह’वालं सिंगापुरी इंग्लिश बाहेर येतं. “बाबा, यू टेल हर लाह!”

बंदराबंदरांत हातवाऱ्यांवर काम भागवलेला माणूस तो. मिलिंदने पाकीट हवेत ठेवलं, त्याच्यापुढे बसल्याचा अभिनय केला, मग काल्पनिक माणसाला “नाही नाही” म्हणून हुसकावलं. बाईंना उलगडा झाला आणि त्या तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. इराही हसली. म्हणजे खरंच, खळखळून.

काउंटरवर दोनच स्टुलं रिकामी होती. “तुम्ही बसा, मी थांबते,” म्हटलं. वीस मिनिटं मी दारात उभी होते आणि आत ते दोघं खांद्याला खांदा लावून सुरसुर आवाज करत उडोन ओढत होते. आवाज केलेला तिथे चालतो, हे इराला बापाने सांगितलं. मला विचाराल तर जपानमधलं सगळ्यात सुंदर दृश्य तेच. (शाकाहारी असाल तर रश्शाची चौकशी करा, त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.)

कोबेला जायचं इराच म्हणाली. “बाबा, युवर शिप कम व्हेअर?” कोबेच्या बंदरात तो कितीदा तरी आला होता, पण धक्क्यापलीकडचं शहर त्यानेही कधी पाहिलं नव्हतं. दोघं बंदराच्या कठड्यावर तासभर बसली. काय बोलत होती ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर दहाव्या दिवशी मिलिंद बोटीवर गेला. जपानहून आणलेल्या बशा कपाटात गेल्या, फोटो फोनमध्ये राहिले. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांचा ढीग मी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलाजवळच्या त्याच्या खुर्चीवर टाकायला गेले. तो नसला की ती खुर्ची कपड्यांचीच असते.

खुर्चीवर टिश्यूचं पाकीट होतं.

“आई, नॉट देअर लाह,” इरा आतून ओरडली. “बाबाची जागा आहे. मी चोप केलीय.”