चोरीला गेलेला मांडव

लोक मला दरोडे आणि खुनांबद्दल विचारतात. नोकरीत तेही पाहिले. पण आज इतक्या वर्षांनी तपशिलासकट आठवते ती एका मांडवाची घटना. तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच देत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून एकमेकांना रोज भेटतात.

लग्नसराईचे दिवस होते. दुपारी बाराच्या सुमारास पिंपळवंडीकडचा एक मांडव कंत्राटदार ठाण्यात आला, मागोमाग त्याचा मुकादम. खुर्चीवर बसायच्या आधीच कंत्राटदार म्हणाला, "साहेब, माझा टेम्पो पळवला. डायवरनंच पळवला. गुन्हा नोंदवा."

टेम्पोत अख्खा मांडव होता. लोखंडी खांब, कापड, खुर्च्या, जेवणाची मोठी पातेली. सकाळी सात वाजता टेम्पो गोदामातून शिरोलीच्या लग्नघरी जायला निघाला. अंतर फार तर अर्ध्या तासाचं. संध्याकाळी मुलीची हळद, दुसऱ्या दिवशी लग्न आणि बारा वाजले तरी अंगणात एक खांब नाही. मुलीच्या वडिलांचा फोन दर पाच मिनिटांनी येत होता आणि प्रत्येक फोन कंत्राटदार उभं राहून घेत होता.

ड्रायव्हरचा फोन बंद होता. सोबतचे दोन गडी रोजंदारीवरचे, त्यांचे नंबर कुणाकडेच नव्हते.

"ड्रायव्हरवर संशय कशावरून?" मी विचारलं.

"काल रजा मागत व्हता. म्या दिली न्हाई. लई तोंड पाडून गेला."

मुकादमाला मी बाजूला घेतलं. "ड्रायव्हरला पत्ता कुणी सांगितला?"

"म्याच. फोनवर. शिवाय गुरुपवरबी टाकला व्हता."

त्याने मोबाइल दाखवला. शुभ सकाळच्या गुलाबांच्या ढिगात मधेच कुठेतरी 'शिरोली' असं लिहिलेलं होतं.

"ड्रायव्हरने हा वाचला का?"

"त्याच्याकडं साधा फोन हाये, साहेब. बटनांचा."

"मग ग्रुपवर कुणासाठी टाकला?"

मुकादमाने ग्रुप पुन्हा वरखाली सरकवून पाहिला. "सगळ्यांसाठी," तो म्हणाला.

नोकराने अपहार केल्याचा गुन्हा नोंदवायचा कागद तयार झाला होता. मी तो टेबलावर तसाच ठेवला. माणसाच्या नावावर गुन्हा चढला की पुढे तो खोटा ठरला तरी गावात पुसला जात नाही. म्हटलं, तासभर थांबू.

तासाभरात खबर आलीच. मंचरला चहाची टपरी चालवणारा एक जण आम्हाला अधूनमधून माहिती द्यायचा. त्याने कळवलं, "साहेब, तसला टेम्पो सकाळी हितं थांबला व्हता. डायवरनं च्या घेतला आन् भीमाशंकरचा रस्ता इचारला."

माझा हवालदार एकदम सावध झाला. "साहेब, भीमाशंकरवरनं खाली कोकणात उतरला तर हाती लागायचा न्हाई."

तिथून खाली फक्त पायवाटा उतरतात. खांब-पातेल्यांनी भरलेला टेम्पो पायवाटेने कसा उतरणार, हे त्या घाईत आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी त्या भागातल्या पोलिसांना कळवलं आणि हवालदाराला घेऊन निघालो. घोडेगावच्या पुढे जातो न जातो तोच निरोप आला की शिनोलीत एका घरापुढे टेम्पो उभा आहे. मी लगेच आमच्या ठाण्याला फोन केला, "दुसरी गाडी शिनोलीला पाठवा, चार माणसं द्या," आणि ठेवून दिला.

शिनोलीतल्या त्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा मांडव पुरा उभा होता. झालर लागली होती, खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. संशयित आरोपी ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खात होता. बंद असलेला फोन आत चुलीजवळच्या बोर्डावर चार्जिंगला लावला होता. वाढणारी बाई साठीपुढची होती आणि तिची नजर अधू होती. साध्या कपड्यांतल्या मला ती म्हणाली, "या पावणं. मुलीकडचे का?" मग गणवेशातल्या हवालदाराकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आन् हे ब्यांडवाले का?"

शिरोलीच्या लग्नघरचं आणि या घरचं आडनाव एकच. ते आडनाव आमच्या आणि शेजारच्या, दोन्ही तालुक्यांत गल्लोगल्ली सापडतं. बाईंचा एकुलता मुलगा चाकणला कंपनीत होता, पस्तिशी गाठली तरी लग्न जमत नव्हतं. सकाळी ड्रायव्हर आडनाव विचारत आला, दारात मांडव उतरला आणि बाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. मुलाचा फोन पाळी सुटेपर्यंत कंपनीच्या लॉकरमध्ये.

"पोरानं मला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणलं, लाजला आसंल."

मी ड्रायव्हरकडे वळलो. "मांडव कुठे घालायचा होता?"

"शिनोलीला. मुकादमच म्हणलं."

"कधी?"

"सकाळी फोन आला तवा. तिकडं जनरेटर चालू व्हता, लई आवाज व्हता."

"रोज जवळपासची कामं करता. आज एवढं लांब का, असं विचारावंसं वाटलं नाही?"

त्याने हातातली भाकरी खाली ठेवली. "मनात आलं व्हतं, साहेब. पण काल रजेचं इचारलं तर शेठ सगळ्यांम्होरं म्हणलं, तू इचारू नको, सांगितलं तेवढं कर. म्हणून आज सांगितलं तेवढं केलं."

मी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला आणि चांगला खडसावला. माणसं हाताखाली ठेवता तर त्यांना बोलू द्या, निरोप दिला की तो परत म्हणवून घ्या, ओरडून कामं होत नसतात. हे सगळं मी बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. फोन ठेवला तोच दुसरा वाजला. आमच्या दुसऱ्या गाडीतला शिपाई होता.

"साहेब, शिरोलीत पोचलो. टेम्पो न्हाई, आरोपी न्हाई. पण मुलीच्या मामांनी गाडीम्होरं बैलगाडी आडवी लावलीय. मांडव आल्याबिगर सोडत न्हाई म्हणतात."

"शिरोली? अरे, मी शिनोली म्हटलं होतं!"

"ठाण्यातनं आमाला शिरोली सांगितलं."

"मग खात्री करायची नाही? मला एक फोन करता येत नव्हता?"

"साहेब, तुमी परत इचारलेलं चालवून घेत न्हाई."

माझ्या शेजारी उभा असलेला हवालदार मांडवाची झालर फार बारकाईने पाहू लागला.

मांडव उतरवायला घेतला. बाई मधल्या एका खुर्चीवर बसून राहिल्या. "तुमी आला नसता तर उद्या लगीन लागलं असतं," त्या मला म्हणाल्या.

"कुणाशी, मावशी?"

"ते पोरानं बघितलं असतं की."

ड्रायव्हरने दोन्ही गड्यांना घेऊन सगळं भरलं, ती एक खुर्ची तेवढी शेवटपर्यंत मागितली नाही. अखेर बाई आपणहून उठल्या, पदराने खुर्ची पुसली आणि त्याच्या हातात दिली.

ऊन उतरायच्या आत टेम्पो शिरोलीत पोचला. अडकवून ठेवलेल्या माझ्या चार शिपायांनी मामांच्या बरोबरीने खांब उभे केले आणि हळद तासाभराच्या उशिराने लागली. तक्रार अर्ज परत घेतला गेला. त्याआधी, खांब रोवताना ड्रायव्हरने घाबरत विचारलं होतं, "शेठ, मांडवाचं तोंड कुठल्या बाजूला?" तिथे येऊन थांबलेल्या कंत्राटदाराने ओरडायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पूर्वेला कर, भाऊ."

चूक एका अक्षराची होती आणि ती सुधारायला एक प्रश्न पुरला असता. तो प्रश्न ड्रायव्हरच्या मनात आला होता. माझ्या शिपायांच्या मनातही आला असणार. दोन्हीकडे वरच्या माणसाच्या धाकाने तो आतच राहिला. आम्ही पोलीस समोरच्याला बोलतं करायचं शिकतो, त्याचे वर्ग होतात. आपल्याच माणसांना गप्प कसं करायचं हे मात्र मी कुणी न शिकवता शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला मी सगळ्यांना सांगितलं, "यापुढे माझा हुकूम नीट समजला नाही तर परत विचारा. मी रागावणार नाही. काही शंका?"

मागच्या रांगेतून सगळ्यात जुन्या जमादाराने हात वर केला.

"साहेब, रागावणार न्हाई ते आजच्यापुरतं का कायमचं?"

"कायमचं," मी म्हणालो.

ठाणे अंमलदाराने पेन उघडलं आणि माझ्यादेखत ते स्टेशन डायरीत वेळेसह लिहून घेतलं.