प्रभावतीचं नाटक

बसची पायरी चढता येईनाशी झाली आणि प्रभावतीला स्वतःच्या पायांची लाज वाटू लागली. चाकणला जाणारी कंपनीची बस संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावर थांबायची. ती दांडा धरून पाय उचलायला बघायची, पण मांडी जागची हलायची नाही. मागं बायका खोळंबायच्या. एकदा छबूबाईनं तिला दोन्ही हातांनी मागून वर ढकललं आणि अख्खी बस हसली. प्रभावतीही हसली, पण कंपनी येईपर्यंत तिनं खिडकीबाहेर वळवलेलं तोंड आत वळवलं नाही.

बाई तशी कामाला वाघ. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधण्यात लाइनवर कुणी तिचा हात धरत नसे. आता शिफ्टच्या सुरुवातीला साधा ट्रे उचलताना हात गळायचे, तोंडाला कोरड पडायची. आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे, जरा झटापट केली की अंगात बळ यायचं. थोडा वेळ टिकायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लाइनचा सुपरवायझर रंगराव कुरुळी गावचा, मनानं वाईट नव्हे. तोही चक्रावला. "ताई, मगाशी ट्रे हलंना, आन् आता उचलतीया. ह्यो काय परकार हाय?"

त्यानं तिला कंपनीत येणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं आपली बोटं तिच्या मुठीत दिली. "दाबा." तिनं दाबली, ती लहान मुलानं धरावीत तशी. "जोर लावा." तिनं दात-ओठ खाऊन जोर लावला, तशी मूठ आवळत गेली. डॉक्टर तिच्यादेखत रंगरावला म्हणाला, "ताकद आहे. इच्छा नाही."

ते वाक्य लाइनभर झालं. बायका नाटक म्हणू लागल्या. वाईट हे, की प्रभावतीलाही ते पटू लागलं. जोर लावल्यावर जमतं, म्हणजे आधी आपणच लावत नसणार. घरात तिनं अवाक्षर काढलं नाही.

एका रविवारी विहारात वंदना झाली, सगळे उठले आणि प्रभावती सतरंजीवरच राहिली. पाय उठेनात. कुणाला हाक मारायची तर पुन्हा तेच हसू. तिनं हात जोडून डोळे मिटून घेतले. ध्यानाला बसलीय असं वाटून लोक पावलं न वाजवता बाहेर पडले. म्हाताऱ्या अंबुबाईनं तर दारातल्या पोरांना गप्प केलं. "किती मन लागलंय बघा तिचं." बसमधल्या हसण्यापेक्षा तो मान तिला जास्त झोंबला.

शेवटी नवरा, भीमराज, शोधत आत आला.

"अहो, मला उठवा," ती हळूच म्हणाली.

काखेत हात घालून उचलताना त्याला तिचं सगळं वजन हातावर आलेलं जाणवलं. "कधीपासून असं होतंय? सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नाटक म्हणतात सगळे. मलाही तसंच वाटतंय."

दुसऱ्याच दिवशी तो तिला पिंपरीला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही. मग पाय ताठ करून, थांबा म्हणेपर्यंत जोर लावायला सांगितलं आणि लगेच पुन्हा हातोडी मारली. पाय टणकन उडाला. प्रभावतीला रडू फुटलं. "मी मुद्दाम नाही हो करत."

"माहीत आहे मला. मी हेच तर शोधत होते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "नसेच्या टोकाला अगदी बारीक पिशव्या असतात, रसायनानं भरलेल्या. मेंदूचा निरोप आला की टोकात कॅल्शियम शिरतं, पिशव्या कडेला येऊन उघडतात, रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आवळतो. कॅल्शियम आत यायच्या दारांवर तुमच्याच शरीरानं चुकून हल्ला केलाय. म्हणून पिशव्या कमी उघडतात. जोर लावत राहिलं की आत कॅल्शियम साठतं, जास्त पिशव्या उघडतात आणि घटकाभर ताकद येते."

"म्हणजे मेंदू बिघडलाय का?" भीमराजनं विचारलं.

"नाही. निरोप नीट निघतोय, शेवटच्या टप्प्यावर अडतोय. याच पिशव्यांची गडबड मेंदूत झाली, तर आजार वेगळे होतात. कंपवाताशीही त्यांचा संबंध येतो."

या आजारामागं कधी छातीत गाठ असते, म्हणून स्कॅन झालं. गाठ नव्हती, तरी पुन्हा पुन्हा तपासावं लागणार होतं. गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. ती पायरी चढू लागली, सावकाश.

कामावर परतली त्या दिवशी रंगराव सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलं ताई आमचं. आमाला कळलं न्हाई." तिलाच शरमल्यासारखं झालं. मान खाली घालून ती वायरी गुंडाळू लागली.

विहाराकडे मात्र तिचा पाय वळेना. बऱ्याच दिवसांनी गेली, तर अंबुबाई कौतुकानं म्हणाली, "जयभीम. ध्यान करतीस ना गं अजून?"

प्रभावतीचे कान तापले. "ते ध्यान नव्हतं, आत्या. मला उठता येत नव्हतं. लाज वाटली म्हणून डोळे मिटले."

अंबुबाई म्हणाली, "आन् मी पोरांना गप्प करत बसले. हाक मारली असतीस तर त्यांनीच उठवलं असतं की."

तिनं एका पोराला खुर्ची आणायला पाठवलं. सगळे खाली आणि आपण एकटी वर, हे प्रभावतीला काही केल्या सोसेना. तरी ती बसली. वंदना सुरू झाली, तेव्हा तिचा आवाज इतका बारीक निघाला, की तो शेजारच्या अंबुबाईलाही ऐकू गेला नाही.