तीजाला आलेली लेक

माझ्या स्कूटीवर मी कुणाला बसवत नाही. मागच्या सीटवर साड्यांचं गाठोडं असतं आणि माझं पोट त्याच्यावर चालतं. इकडे छत्तीसगढात, पंडरीच्या कापडबाजारातल्या एका ठोक दुकानासाठी मी आसपासच्या गावांतल्या दुकानदारांना साड्यांचे नमुने दाखवत फिरते. नेसणार बाया, तर दाखवायलाही बाईच हवी, असं शेठच्या डोक्यात आलं आणि त्यानं मला ठेवलं. स्वतःच्या त्या अकलेवर तो अजून खूश आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भर पावसाळ्यातल्या एका दुपारी मी अभनपूरच्या बसस्टँडवर चहा पीत होते. कुठल्याशा सभेसाठी गाड्या नेल्या होत्या आणि स्टँड रिकामा पडला होता. माझ्याच वयाची एक बाई, हातात कापडी पिशवी, दिसेल त्या ऑटोवाल्याजवळ जाऊन एकच वाक्य म्हणत होती, ‘‘मोर दाई अगोरत हे.’’ माझी आई वाट बघतेय. तिचं माहेर राजिमच्या रस्त्यानं पुढे, आत कुठंतरी. तिकडचा रस्ता पावसानं पार उखडलेला, म्हणून कुणी तयार होईना. भेटायचं असेल तर आजच ये, असा तिच्या भावाचा फोन आला होता.

मला कुणाची दया पटकन येते असं नाही. उलट, लोक आपली अडचण सांगायला लागले की मी घड्याळाकडे बघते. पण ती प्रत्येकाला ते वाक्य इतक्या शांतपणे सांगत होती की मला ऐकवेना. चहावाल्याजवळ गाठोडं ठेवलं आणि तिला म्हटलं, बस.

रस्ता म्हणजे नुसता चिखल. एकदा स्कूटी आडवी झाली, दोघी लोळलो, उठलो, पुढे निघालो. तिच्या घरी पोचलो तेव्हा आई खाटेवर जागी होती. लेकीला बघून तिनं हात उचलला, एवढं मी दारातून पाहिलं. पाणी प्यायले, तिच्या भावानं माझा नंबर घेतला, आणि अंधार पडायच्या आत मी परत निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेल्याचा त्याचा फोन आला. मी पोचवलं म्हणून ती रात्रभर आईजवळ बसू शकली, हे त्यानं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मला बरं वाटलं, आणि मग मी ते विसरून गेले.

पुढच्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी ती पत्ता विचारत विचारत चौबे कॉलोनीत आमच्या दारात हजर. हातात पानाचा द्रोण, त्यात गव्हाची पिवळसर रोपं. श्रावणात टोपलीत गहू पेरतात आणि राखीनंतर ती रोपं तळ्यात सोडतात, त्याला इकडे भोजली म्हणतात, एवढं मला माहीत होतं. तिनं त्यातली दोन रोपं माझ्या कानामागे खोचली. आमचं घर मुळात वर्ध्याकडचं, वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. आम्हाला ठाऊक दसरा. दारी आलेला माणूस आपट्याचं पान देतो, आपणही त्याला पान देतो, फराळाचं विचारतो, संपलं. तसंच काही असेल समजून मी हसत हसत दोन रोपं उचलली आणि तिच्या कानामागे खोचली. तिनं हात जोडले आणि म्हणाली, ‘‘सीताराम भोजली.’’ मीही म्हटलं, सीताराम.

दुसऱ्या दिवशी दुकानात हे सांगितलं तर बरोबरची मुलगी हातातली साडी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘दीदी, आपने भोजली बद ली? अब तो उमर भर निभाना पड़ेगा.’’ मग तिनं सगळं समजावून सांगितलं. रोपांची अशी अदलाबदल झाली की दोघी जन्माच्या सख्या. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भोजली म्हणूनच हाक मारायची. एकीच्या घरचं सुखदुःख दुसरीचं, आणि एकीची आई ती दुसरीची आई.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘लोकायले रस्त्यावर पाकीट सापडते, हिले बहीण सापडली.’’

पण निभत गेलं. धान निघालं की तिचा फोन यायचा, कधी बाजाराला आली की घरी डोकावून जायची. तिचं नाव मला माहीत आहे. पण घ्यायचं नाही म्हणजे नाही, म्हणून इथंही लिहीत नाही.

यंदा श्रावणात आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता वॉकर धरून चालवा. आई उठेचना. भीती वाटते असं म्हणणाऱ्यातली ती नाही, म्हणून म्हणायची, ‘‘आज पाय जड आहे, उद्या पाहू.’’ तिला सांभाळायला दोन आया ठेवल्या, दोघीही पळाल्या. एकीला तिनं चादर कशी खोचायची यावरून बोलून बोलून रडवलं, दुसरीला केसाला हात लावू दिला नाही. सणांचा सीझन तोंडावर आलेला, शेठ सुट्टी देईना. पुण्याहून माझ्या भावानं निर्णय कळवला. गणपतीला येतो आणि जाताना आईला घेऊन जातो. परतीची दोन तिकिटंही काढली.

त्याचंही चुकत नव्हतं, पण आईला हे घर सोडायचं नव्हतं. ‘‘मी काय सामान आहो का, उचललं आन् नेलं?’’ असं मला म्हणायची, आणि भावाचा फोन आला की गप्प व्हायची. तिथं सोय होईल, पण आई फार दिवस टिकणार नाही, असं मला आतून वाटत होतं. ते कुणाला सांगताही येत नव्हतं, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोजली पिशवी घेऊन दारात. ‘‘तीजा माने बर आए हंव.’’ तीजा करायला आलेय. आपल्या हरतालिकेलाच इकडे तीजा म्हणतात. त्यासाठी लग्न झालेल्या बाया माहेरी येतात, म्हाताऱ्या झाल्या तरी येतात. तिची आई गेलेली, भाऊ कामासाठी परराज्यात गेलेला, घराला कुलूप. म्हणून ती तिच्या दुसऱ्या आईकडे आली होती. खरं सांगते, माझं डोकं सणकलं. इथं एक आजारी, मला रजा नाही, आणि ही माहेरपणाला आली.

ती सरळ आईच्या खाटेवर जाऊन बसली. काय झालं, कसं झालं, सगळं विचारलं. मग म्हणाली, ‘‘दाई, भूख लागत हे.’’

आईनं माझ्याकडे बघितलं. ‘‘ऐकू नाही आलं का तुले? पोरगी उपाशी आहे. काल करून ठेवली ते भाजी नको देऊ तिले. पिठलं टाक, ताजं.’’ इतक्या आठवड्यांत आईला कुणी काही मागितलं नव्हतं. सगळे तिला देतच होतो, औषध, पाणी, बेडपॅन. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि मी मुकाट्यानं बेसन काढलं.

त्यानंतर दोघींचं जमलं. म्हणजे भांडण जमलं. आई वऱ्हाडी बोले, भोजली छत्तीसगढी, आणि दोघी एकमेकींना बिलकुल सोडत नव्हत्या. आईनं केस विंचरू नको म्हटलं तर ती म्हणायची, मग माझे विंचर. आई पडल्या पडल्या तिचे विंचरायची आणि मग आपलं डोकं तिच्या हाती द्यायची.

तीजाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन उपास धरतात. मी कारली चिरायला घेतली. खोलीतून आईच्या सूचना सुरू झाल्या, मीठ लाव, पिळून घे, गूळ टाक. भोजली म्हणाली, गूळ नको. यावरून दोघींची जुंपली. थोड्या वेळानं मागे खडखड झाली. वळून बघते तर आई वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि भोजलीचा हात तिच्या पाठीशी. ‘‘गूळ टाकला का नाही, हे पाहाले आली,’’ आई म्हणाली. मी नुसती कढईत बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

तीजाच्या संध्याकाळी पुण्याहून माझा भाऊ आला. आईला खुर्चीत बसलेली बघून त्याला आनंद झाला, पण तो पुढचा विचार करणारा माणूस. त्यानं नीट समजावलं. ‘‘आई, या पाहुण्या आहेत. सण झाला की जातील. मग परत तेच. तिकिटं काढली आहेत, चल.’’

भोजलीला आमची भरभर मराठी फारशी कळत नव्हती. ती निर्जळी उपासानं सुकलेली, भिंतीला टेकून बसली होती. आईनं तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे.

‘‘पाहुणी नाही, लेक आहे ती,’’ आई म्हणाली. ‘‘तीजाले माहेरी आली. पुढच्या वर्षीही येईल. माय घरी नसली, तर लेकीनं यावं कुठं?’’

भावानं मोबाइल काढला आणि आईचं तिकीट रद्द करायला घेतलं. भोजलीनं मला हळूच विचारलं, ‘‘का कहिस दाई ह?’’ आई काय म्हणाली? मी सांगितलं तशी ती भिंतीचा आधार घेत उठली आणि आईच्या पायाशी जाऊन बसली.