देव्हाऱ्यावरचा थर्मोस्टॅट

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याचा सराव नाही… तेव्हा हे धाडस करतोय त्याबद्दल आधीच माफी मागतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण जे घडलं ते खोटं म्हणायला मी तयार नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर. इंजिनिअरिंग शिकायला लंडनला आलो आणि ईलिंगमध्ये लिमयेकाकूंकडे भाड्याने राहिलो. डॉक्टर असलेले काका वारल्यापासून काकू एकट्याच होत्या. घर जुनं, वाफेवर तापणारं — तळघरात बॉयलर, खोल्यांमध्ये लोखंडी रेडिएटर. तरी घर गारठलेलं! आदल्या हिवाळ्यात काकूंना न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून तिकडेच वाढलेला मुलगा विवेक दर रविवारी रीडिंगहून यायचा आणि तोच धोशा लावायचा.

"आई, हा घर विकूया. इट्स लाइक अ फ्रिज!"

"मग आल्या आल्या कोट कशाला काढतोस?"

उबदार खोली एकच — वरची, काकांची. काकू तिथेच झोपायच्या. गंमत म्हणजे तिथल्या रेडिएटरचा पाइप गळायचा म्हणून काकांनी हयातीतच तो कापून बुजवून घेतला होता. तिथे वाफ पोचणं शक्यच नव्हतं. तरी हात लावला की रेडिएटर कोमट!

"हे असतात ना तिथे," काकू सहज म्हणायच्या. मला पटेना. भिंतीत धुराडं, खालून जाणारा पाइप… सगळं शोधलं. काही नाही.

बाकीचं घर गार का, ते मात्र सापडलं. दाराजवळच्या पॅसेजमध्ये थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली देव्हारा होता आणि काका गेल्यापासून काकूंनी त्यात अखंड नंदादीप ठेवला होता. त्या उबेने थर्मोस्टॅट फसायचा आणि घर तापलंय असं समजून बॉयलर बंद करायचा.

"देव हलवायचे नाहीत," काकूंनी बजावलं. म्हणून मी थर्मोस्टॅटच बैठकीच्या खोलीत नेला. घर मस्त तापलं. विवेक हसला, "ओके आई, यू विन. राहा इथेच."

आणि काकांची खोली गार पडली. रेडिएटर नुसता बर्फ.

पुढच्या रविवारी काकू म्हणाल्या, "थर्मोस्टॅट होता तिथे परत लाव."

"आर यू मॅड? परत आजारी पडशील!"

"पडेन. माझ्या घरात ऊब कुठे हवी, ते मी ठरवणार."

विवेक माझ्याकडे वळला. "तू इंजिनियर ना? सांग हिला!"

"घर काकूंचं आहे," मी म्हटलं आणि थर्मोस्टॅट परत लावला. संध्याकाळपर्यंत घर गारठलं. वरचा रेडिएटर कोमट झाला. विवेकने दोन्ही हात त्यावर ठेवले, मग कोट चढवून निघून गेला. विकायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

वर्गातल्या मित्रांना सांगितलं तर हसले. हसू देत. तो कापलेला पाइप मी स्वतः चाचपलाय. कारण मला आजही सांगता येत नाही… पण तेवढ्यासाठी मी माझ्या हातांना खोटं पाडणार नाही.

परवा पिनरच्या एका ओळखीच्यांकडून कळलं. काकू गेल्या — न्यूमोनियाने नाही, वयाने, त्याच घरात. विवेकने ते विकलं नाही. रीडिंगचं घर विकून तो बायको-मुलीसह ईलिंगला राहायला आलाय, आणि झोपतो काकांच्या खोलीत.