बसून बोलणारे हमीदचाचा

हमीदचाचा उभ्यानं कधी बोलत नसत. घरमालक असूनही भाडेकरूच्या दारात चपला काढायच्या, आत येऊन फरशीवर मांडी घालायची, मगच तोंड उघडायचं. "उभ्यानं फक्त भांडन होते, बाप्पा," असं म्हणायचे.

मी अकोल्याचा. नांदगाव पेठेत कापड कारखान्यात नोकरी लागली, म्हणून अमरावतीत त्यांच्या इमारतीत खोली घेतली. सिगरेट खिडकीशी उभा राहून ओढायचो. नेमकी वर वानखेड्यांची खिडकी, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या गौरीला दमा. वानखेडे दोनदा सांगून गेले. मी म्हणालो, "तुमची खिडकी लावून घ्या." हो, असंच म्हणालो. माज होता, दुसरं काय!

एका रविवारी सकाळी गौरीला धाप लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. परतल्यावर वानखेडे जिन्यातूनच ओरडले, "चाचा, सांगून ठेवतो, एक तर हा राहील, नाही तर आमी!"

चाचा माझ्याकडे आले, बसले. आता खोली खाली करायला सांगणार, असं वाटून मी आधीच फणकारलो, "माझ्या खोलीत मी काय करायचं ते मी ठरवीन."

"बराबर हाय. तुले कोन ना म्हनते? खिडकी लाव, दार लाव, अन् ओढ. मी बसतो."

चाळीस वर्षं गाद्यांचा कापूस पिंजलेली ती छाती. जिना चढतानाही त्यांना दम लागायचा, हे मला ठाऊक होतं. तरी इरेला पेटून मी सगळं बंद केलं आणि सिगरेट शिलगावली.

अर्धी संपली तोवर चाचांना खोकल्याची उबळ आली. थांबेचना. हात फरशीवर टेकले, चेहरा काळानिळा झाला. धावत जाऊन खिडकीच्या कडीला हात घातला, तोच त्यांनी माझा पायजमा धरला.

"नको उघडू! वर पोरगी हाय."

सिगरेट विझवून मी त्यांना धरून अंगणात नेलं, पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "सांग, वानखेड्याले काय सांगू?"

मला मान वर करवेना. "मीच जातो सांगायला," म्हणालो, आणि गेलो.

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. छातीनंच. डॉक्टर म्हणाले, कापसाची धूळ. असेल. पण त्या धुळीत माझी अर्धी सिगरेटही आहे, हे मला कोणी सांगायला नको.